बर्फाचं गिरमिट

आमच्या चुलतसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट चटकन घेतली असेल, ती म्हणजे लेकीच्या लग्नाचा राग. बाकी सुईपासून सुटकेसपर्यंत कुठलीही वस्तू त्यांनी दोनचार महिन्यांच्या आत घेतल्याचं मला आठवत नाही, आणि मला सोबत न नेता घेतल्याचं तर मुळीच आठवत नाही. मस्कतमधल्या एका बांधकाम कंपनीत हत्यारांच्या स्टोअरवर ते एकतीस वर्षं आहेत. जाळीच्या खिडकीमागे बसायचं, खिडकीशी फिटर नाहीतर सुतार येऊन उभा राहिला की काम काय, भिंत कसली, भोक केवढं हे त्याला विचारायचं आणि नेमकं हत्यार काढून त्याच्या हातात द्यायचं, ही त्यांची नोकरी. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी हत्यारं निवडल्यावर माणूस स्वतःसाठी झटपट निवडायला शिकेल असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण तेव्हा माझं लग्न नवीन होतं.

माझ्या बायकोचे ते सख्खे चुलते, म्हणून मीही त्यांना काकाच म्हणतो. ते मला 'जावईबापू' म्हणतात. या संबोधनाला आपल्याकडे मोठा मान असतो, जावयाच्या ताटाभोवती रांगोळी वगैरे असते, असं मी ऐकून आहे. ओमानमध्ये काकांच्या तोंडून ते येतं तेव्हा त्याच्यापुढे हमखास 'गाडी काढा' असतं. काकांना गाडी चालवता येत नाही असं नाही, त्यांच्याकडे लायसन्स नाही. इथे मॅन्युअलचं लायसन्स वेगळं आणि ऑटोमॅटिकचं वेगळं, आणि त्यातलं कुठलं काढावं यावर त्यांचा विचार अजून पुरता झालेला नाही. तो एकोणीस वर्षं चालू आहे. मस्कतच्या दार्सैत भागात त्यांची इमारत आमच्यापासून दोन गल्ल्यांवर, त्यामुळे मला लपायलाही जागा नाही. एसी बसवणाऱ्या कंपनीत मी ड्रॉइंगं काढतो. आठवडाभर पंख्यांचे आणि पत्र्याच्या नळ्यांचे नकाशे काढून डोळ्यांची आग होते, आणि शुक्रवारी दुपारी मला जगाकडून फक्त एक उशी हवी असते. नेमकी त्याच वेळी खाली गाडीच्या टपावर टकटक होते.

त्यांच्या निवडीच्या पद्धतीचे वळ माझ्या अंगावर आहेत. साधं नेलकटर घ्यायचं होतं तेव्हा रुवीच्या बाजारातल्या एका दुकानात त्यांनी सात नेलकटरं मांडून घेतली आणि ती एकेक करून माझ्या बोटांवर चालवली. "स्वतःच्या नखावर माणूस दबकून चालवतो, खरं कळत नाही," असं त्यांचं म्हणणं. पुढचे दहा दिवस मला संत्रं सोलता येत नव्हतं. सुटकेसचं तर विचारूच नका. उसनी आणलेली प्रत्येक सुटकेस ते तांदळाने भरायचे आणि दार्सैतच्या चढावरून कृष्णमंदिरापर्यंत ओढत न्यायचे, मग परत आणायचे. चाकं कुठल्या खड्ड्याला कुरकुरतात ते मी मागून चालत ऐकायचं. टॅक्सीवाले थांबून 'एअरपोर्ट?' असं विचारायचे आणि काका त्यांना सांगायचे, "अजून नाही. इन्शाल्ला, पुढच्या वर्षी." चौदा महिन्यांनी सुटकेस आली. ती निळी आहे. काळी घ्यायला हवी होती असं त्यांना अजून वाटतं.

त्यांच्या रागाची गोष्टही याच स्वभावातून निघाली. त्यांची एकुलती एक लेक दार्सैतला वाढली, इथल्याच भारतीय शाळेत शिकली आणि पुढे शिकायला म्हणून कॅनडाला गेली. सात वर्षांपूर्वी एका शनिवारी तिने फोन करून सांगितलं की तिथल्याच एका माणसाशी मी लग्न करते आहे. मी तेव्हा काकांच्या शेजारी बसलो होतो. काकांनी ना जात विचारली, ना धर्म, ना पगार. "ओळख कधीपासूनची?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "तीन महिने झाले, बाबा." काकांनी फोन काकूंच्या हातात दिला आणि माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "सुटकेस घ्यायला मला चौदा महिने लागले. हिने तीन महिन्यांत नवरा घेतला." त्यानंतर ते लग्नाला गेले नाहीत, काकूंनाही जाता आलं नाही, आणि जावयाशी ते एक अक्षर बोलले नाहीत. दर शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडे सकाळ असताना, लेकीचा फोन यायचा. काकू बोलायला बसल्या की काका स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचे आणि भांडी घासायला लागायचे. नळ मात्र अगदी बारीक सोडायचे, म्हणजे बाहेरचं ऐकू यावं. "सहा वर्षांत माझी भांडी फार स्वच्छ झाली," काकू म्हणायच्या, आणि हसायच्या नाहीत.

राग कधीच ओसरला होता, हे आम्हां सगळ्यांना दिसत होतं. पण मिटवायचं तर पहिला शब्द कुठला काढायचा, ते काही काकांना निवडता येत नव्हतं. जावई त्यांच्यासाठी 'तो' होता. माझ्याशी बोलताना 'तुमचा साडू'. एकदा तर 'ती वस्तू' म्हणाले होते आणि मग स्वतःच ओशाळून उठून गेले होते.

गेल्या वर्षीच्या जानेवारीतल्या एका शनिवारी मी त्यांच्याकडे चहा घेत होतो. फोनवर लेक होती आणि ती फोन फिरवून दाखवत होती. नुसतं पांढरं दिसत होतं. तिकडे हिवाळ्यात तळीच्या तळी गोठतात, माणसं त्यांच्यावर चालत जातात, बर्फाला भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडून बसतात. माझा साडू बसायची उलटी बादली बाजूला ठेवून भोकच पाडत होता. काकूंनी आत हाक मारली, "अहो, बघा तरी. मासे धरतोय." काका रत्नागिरीकडचे, त्यात घर खाडीच्या काठाला. एक वेळ ते सख्ख्या भावाचं नाव ऐकून येणार नाहीत, पण माशाचं ऐकून येतील. साबणाचे हात तसेच धरून ते बाहेर आले, फोनमध्ये वाकून बघितलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अरे, हे तर गिरमिट."

आणि ते गिरमिटच होतं. आपला सुतार दांडा फिरवून लाकडात भोक पाडतो ना, तेच, फक्त छातीएवढं उंच आणि पात्याचा पीळ मांडीएवढा रुंद. साडूने दांडा थांबवला. "व्हॉट डिड ही से?" लेकीने सांगितलं. त्याने दोनदा म्हणून पाहिलं, 'गर्मिट, गर्मिट.' मग खांदा चोळत म्हणाला की हाताने फिरवून हा खांदा गेला, आता मोटरचं घ्यायचं आहे, पण बाजारात इतकी आहेत की डोकं चालत नाही. लेक गमतीने बोलून गेली की माझ्या बाबांना विचार, त्यांचा जन्म यातच गेला. त्या भल्या माणसाने खरंच विचारलं. "सर, विच वन शुड आय बाय?"

काकांनी लुंगीला हात पुसले. खुर्ची ओढली. खिशातून चष्मा काढला. सहा वर्षांच्या अबोल्यानंतर सासरा जावयाशी जे पहिलं वाक्य बोलला ते असं होतं, "व्हॉट इज द थिकनेस?"

पंचवीस मिनिटं ते बोलले. मध्ये काकू उठून आत गेल्या आणि नळ सोडून रडून आल्या. शेवटी काकांनी हात वर करून सांगितलं, "डोन्ट बाय. आय विल सी." त्यांचं ते 'सी' अकरा महिने चाललं, आणि त्यातला एकही शुक्रवार माझा नव्हता.

डोक्याला गिरमिट लावणं म्हणजे काय ते मला या वयात कळलं. ही यंत्रं पेट्रोलवर चालतात, गॅसच्या छोट्या नळकांड्यावर चालतात, बॅटरीवर चालतात. सहा इंची भोक पाडणारी असतात, आठ इंची आणि दहा इंचीही असतात. पेट्रोलचं जड, पण दिवसभर दमत नाही. बॅटरीचं हलकं, पण थंडीत बॅटरी मान टाकते. पेट्रोलचा वास हाताला लागला की मासा आमिषाला तोंड लावत नाही, असंही कोणी म्हणतं. हे सगळं मला तोंडपाठ आहे. तोवर मी बर्फ पाहिला होता तो सरबतात. उंटावरून शेळ्या हाकणं हा वाक्प्रचार मी लहानपणापासून ऐकत आलो, पण उंटांच्या देशात बसून कॅनडातल्या शेळ्या हाकणारे गृहस्थ मला काकांच्या रूपानेच भेटले.

रुवीत हत्यारांची जेवढी दुकानं आहेत तेवढ्यांत आम्ही गेलो. इथे असलं यंत्र मिळणार नाही हे काकांना ठाऊक होतं, त्यांना ते इथे घ्यायचंही नव्हतं. त्यांना त्याचे नातेवाईक बघायचे होते. ही मोटर कशी घरघरते, ती पकड हाताला कशी बसते. एका ओमानी दुकानदाराने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रफीक," म्हणजे दोस्ता, "काम क्या है?" काकांनी सांगितलं, बर्फात भोक पाडायचंय. बाहेर जूनचा महिना होता. दुकानदाराने एकदा दारातल्या उन्हाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "बर्फ माफी," तो म्हणाला. माफी म्हणजे इथल्या अरबीत 'नाही'. पण त्याने ते इतक्या हळुवारपणे म्हटलं की आपल्या मराठी अर्थानेही मला ते चाललं असतं. त्याने मला गार पाण्याची बाटली दिली. काकांना दिली नाही.

मग भोकाचं माप. साडूने सांगितलं होतं की आठ इंच पुरे. काकांना ते पटेना. "सुरमई आली तर?" असं ते विचारायचे. तळ्यात सुरमई नसते, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "नसते, पण तेवढा दुसरा कोणीतरी असेलच की." म्हणून त्यांनी स्टोअरमधून प्लास्टिकच्या पाइपांचे तीन तुकडे कापून आणले, सहा, आठ आणि दहा इंची, आणि ती तीन कडी हातात घेऊन आम्ही सीबच्या मासळीबाजारात गेलो. ओट्यावरचा एकेक मासा उचलून काका तो कड्यातून आरपार घालून बघत होते. आठ इंचीतून सगळे जात होते. पण काका मासा आडवा धरायचे, आणि आडवा मासा दहातूनही जात नव्हता. विक्रेता हे बघत होता. शेवटी त्याने त्यांच्या हातून सुरमई काढून घेतली, डोक्याकडून कड्यात घातली, शेपटीकडून बाहेर काढली आणि परत ओट्यावर ठेवून दिली. काका गाडीत बसल्यावर म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. गळाला लागलेला मासा तोंडानेच वर येतो. जन्म खाडीवर गेला आणि एवढं सुचलं नाही." मला वाटलं, चला, एक बाब मिटली. पण ते पुढे म्हणाले, "आता पात्याचं बघू."

पात्याचे दोन प्रकार असतात. एक बर्फ तासतं, एक बर्फ खरवडतं. या विषयावर त्यांचा आणि साडूचा फोनवर दोन महिने खल चालला. शेवटी भाजी चिरता चिरता काकू म्हणाल्या, "एक विळी आहे आणि एक खवणी आहे. त्यात एवढं काय?" काका थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या शनिवारी जावयाला 'विळी' आणि 'खवणी' हे दोन शब्द शिकवले. बॅटरी थंडीत मरते की काय ते बघायला त्यांनी आपल्या ड्रिलची बॅटरी पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवली आणि ते विसरले. काकूंनी बांगडे समजून ती पिशवी पाण्यात वितळायला घातली. त्या बॅटरीचा निकाल लागला, पण थंडीने की पाण्याने, यावर एकमत झालं नाही.

सहमला तर आम्ही तीनदा गेलो. दार्सैतहून सहम म्हणजे जायला दोन तासांहून जास्त, यायला तेवढेच. तिकडे शेतीच्या अवजारांचं एक दुकान आहे, श्रीवर्धनकडच्या एका वयस्कर चाचांचं. त्यांच्याकडे कुंपणाचे खांब पुरायला आणि खजुराची रोपं लावायला जमिनीत खड्डा पाडणारं मोटरचं यंत्र होतं. चाचाही कोकणातलेच, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. काकांनी मासेमारांच्या बर्फाच्या कारखान्यातून एक लादी आणवली, दुकानामागच्या अंगणात ठेवली, आणि यंत्र चालू करून तिच्यावर टेकवलं. मातीचं पातं बर्फाला चावेना. लादी पायाखालून निसटली आणि अंगणभर पळू लागली. काका यंत्रासकट तिच्या मागे, मी काकांच्या मागे, आणि चाचा ओट्यावर बसून म्हणतायत, "अहो, धरा तिला, आता ती रस्त्यावर जाईल." शेवटी ती भिंतीवर आपटून दुभंगली. मी हे सगळं फोनवर चित्रित केलं होतं, कारण तसा मला हुकूम होता. त्या शनिवारी साडू ते बघून इतका हसला की बादलीवरून पडला असता, पण तेव्हा तिकडे उन्हाळा होता आणि तो सोफ्यावर होता. काकाही हसले. मी त्यांना इतकं हसताना फार वर्षांनी पाहिलं, आणि तरीही त्या वेळी माझ्या मनात एवढंच होतं की माझी कंबर दुखते आहे.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी जे केलं त्याला दुसरं कारण नाही. मी दमलो होतो. शिवाय थोडा मत्सरही होता, तोही सांगून टाकतो. मीही जावईच. बारा वर्षं यांना फिरवतोय. मला कधी कोणी खांदा कसा आहे म्हणून विचारलं नाही, आणि तिकडे बर्फावर बसलेल्या माणसासाठी ओमान पालथं घातलं जातंय. डिसेंबर लागला होता. तिकडची तळी गोठायला लागली होती. सहमची तिसरी खेप करून परतताना काका म्हणाले, "जावईबापू, आता दोनच उरली. आठ इंची बॅटरीवालं आणि आठ इंची पेट्रोलवालं." मी मनात म्हटलं, सुटलो. मग सीबच्या सिग्नलला ते म्हणाले, "आता ही दोन्ही पुन्हा पहिल्यापासून बघू."

घरी आल्यावर मी बूटसुद्धा काढले नाहीत. साडूला मेसेज केला, काकांनी ठरवलंय, बॅटरीवालं, आठ इंची, तासणारं पातं, आजच मागव. त्याने आनंदाने अंगठा पाठवला. आणि मागवलं.

त्या शनिवारचा फोन तीन मिनिटांत संपला. "ग्रेट चॉइस, सर. थँक यू." काका क्षणभर गोंधळले असतील, पण त्यांनी फोन काकूंकडे देऊन टाकला. मला काकूंकडून कळलं. पुढच्या शुक्रवारी माझ्या गाडीच्या टपावर टकटक झाली नाही. मी झोपलो, उठलो, चहा प्यायलो, पुन्हा झोपलो. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तसंच. तिसऱ्या शुक्रवारी मला झोप लागेना, तेव्हा मी दोन गल्ल्या चालत गेलो. काकूंनी दार उघडलं आणि नुसतं डोळ्यांनी आत दाखवलं. काका भांडी घासत होते. वार शुक्रवार होता, फोनबिन काही यायचा नव्हता, तरी घासत होते.

"रागावलात, काका?" मी विचारलं.

"नाही ओ. चांगलं निवडलंत. मीसुद्धा तेच घेणार होतो."

"कधी?"

त्यांनी नळ बंद केला आणि पातेलं उपडं ठेवलं. "जावईबापू, मी एकतीस वर्षं खिडकीत बसलोय. माणूस खिडकीशी उभा असतो तोवर बोलतो. बायको कशी आहे, गावचं घर कुठवर आलं, पोरगी पास झाली की नाही, सगळं सांगतो. का, तर त्याला ड्रिल हवं असतं. ड्रिल हातात पडलं की खलास. पाठ फिरली. त्याचाही दोष नाही, त्याला काम असतं." मग फडक्याला हात पुसत म्हणाले, "म्हणून मी ड्रिल हळू काढायचो. समोरच्या फळीवर दिसत असलं तरी आत जाऊन शोधल्यासारखं करायचो. यालासुद्धा तसंच करत होतो. सहा वर्षं मी त्याला काही दिलं नाही. त्याने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं."

मला माझी लाज वाटली. चहा घेऊन जा असं काकू म्हणत होत्या, पण मी थांबलो नाही. गेल्या दोन शनिवारी लेकीचा फोन आला होता, आईशी बोलून तिने ठेवला होता. साडू तळ्यावर होता. त्याला आता विचारायचं काही उरलं नव्हतं. सासऱ्याशी निव्वळ बोलायला म्हणून बोलावं, असं त्यालाही कसं सुचणार? त्यालाही पहिला शब्द सापडत नसणारच.

मी त्याला लिहिलं, उद्या काकांना फोन कर आणि यंत्रात बिघाड आहे असं सांग. त्याचं उत्तर आलं की यंत्र तर उत्तम आहे, दोन मिनिटांत भोक पडतं. भला माणूस, पण भलेपणाला काही मर्यादा. मग मी त्याला सगळं लिहिलं. मोडक्या इंग्रजीत, पण सगळं. खिडकी, फळीवरचं ड्रिल, तो मेसेज मी परस्पर केला होता तेही. त्याचं काहीच उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम काकांकडे जाऊन बसलो. फोन वाजला. काका सवयीने स्वयंपाकघराकडे वळले, तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "सर? सर, गिरमिट इज नॉट गुड." साडू बर्फावर उभा होता. त्याचा चेहरा लाल झाला होता, थंडीने की खोटं बोलल्याने, देव जाणे. "मेकिंग सम साउंड," तो म्हणाला, आणि त्यापुढे त्याला काही सुचेना.

काकांनी चष्मा लावला. "स्टार्ट इट. ब्रिंग फोन निअर." यंत्र सुरू झालं. काकांनी फोन कानाला लावला आणि डोळे मिटले. मला यंत्रांतलं काही कळत नाही, पण ते इतकं सुतासारखं चालत होतं की मलाही कळलं. काकू लसूण सोलायचं थांबवून बघत होत्या. बऱ्याच वेळाने काकांनी डोळे उघडले.

"हां," ते म्हणाले. "व्हेरी बिग प्रॉब्लेम."

मग अर्धा तास ते बोलले. यंत्र दाबू नको, त्याच्या वजनाने जाऊ दे, हे सांगितलं. पातं पुसून ठेव, बॅटरी कोटाच्या आत ठेव, हे सांगितलं. आणि मग, यंत्राबद्दलचं संपल्यावर, हळूच विचारलं, खांदा आता कसा आहे. ती टोपी घालते का बाहेर पडताना. लहानपणी घालायची नाही. त्याने फोन लेकीकडे फिरवला. तिने टोपी घातली होती. मग तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "बाबा, इथे खूप थंडी आहे." काका म्हणाले, "दिसतंय."

मला सोडायला ते खाली गाडीपर्यंत आले. हे ते कधी करत नाहीत. गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले.

"मशीन ठणठणीत आहे, जावईबापू," ते म्हणाले. "आवाजावरून कळतं."

मी खिशात किल्ली शोधू लागलो.

"त्याला सांगू नका, मला कळलं म्हणून."

त्यानंतर तिकडचं तळं वितळेपर्यंत ते यंत्र दर शनिवारी बिघडत राहिलं. कधी आवाज, कधी पातं, एकदा तर साडूने काही न सुचून 'कलर गोइंग' असं सांगितलं, आणि काकांनी त्यावरही वीस मिनिटं उपाय सांगितले. आता तिकडे बर्फ नाही, म्हणून साडूने बोटीला छोटं इंजिन घ्यायचं काढलंय. कुठलं घ्यावं, हे तो विचारतो. तो शहाणा होत चाललाय. या वर्षअखेरीस काकांची नोकरी संपते आणि ते दोघं कायमचे गावी जातात. त्यांच्या सामानाची बांधाबांध मी बघतो तेव्हा मला जरा कसंसंच होतं, कारण माझे सगळे शुक्रवार मला परत मिळणार आहेत आणि त्यांचं काय करायचं ते मला ठाऊक नाही.

काकांना सगळं कळलंय, हे मी साडूला अजून सांगितलेलं नाही. इथे लिहिलं, कारण हे मराठी आहे आणि त्याला वाचता येणार नाही. काकांच्या लेकीला येईल, पण इथल्या शाळेत शिकलेल्या मुलांचं मराठी वाचताना अडखळतं. एकेक अक्षर लावत ती या ओळीपर्यंत पोचेल तोवर तिकडे दोनचार हिवाळे जातील. तेवढे मिळाले तरी काकांना पुष्कळ झाले.